दुभाषी, मानधन रुपये तीनशे

आमच्या फिल्म सोसायटीच्या रोजकीर्दीत माझ्याच अक्षरातली एक जुनी नोंद आहे : ‘पडदा – मांजरपाट, पन्हा ३६ इंच, तीन पट्टे, शिलाईसह.’ नऊ फूट उंच आणि सोळा फूट लांब पडदा हवा होता. एवढ्या मोठ्या पन्ह्याचं कापड महाग पडणार असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं. दुकानातून नेहमीचं मांजरपाट आणलं आणि शिंप्याकडून तीन पट्टे आडवे जोडून घेतले. त्यामुळे पडद्यावर दोन शिवणी आल्या. खालची कुणाच्या लक्षात येत नाही. वरची मात्र, माणसाचा चेहरा जवळून दाखवला की बरोबर डोळ्यांवरून जाते. त्या पडद्यावर पहिला खेळ लावला तो प्रभातचा ‘संत तुकाराम’. १९३६ चा सिनेमा, दुसऱ्या वर्षी व्हेनिसला नावाजला गेलेला. आमच्याकडे विष्णुपंत पागनीस डोळे मिटून अभंग म्हणतायत आणि पापण्यांवरून दोऱ्याची रेघ चाललीय. सरांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. बोलले काही नाहीत.

सोलापुरात, चादरींच्या गावात राहून मी मोठ्या पन्ह्याचं कापड मिळणार नाही असं धरून चाललो, हे आता सांगतानाही कसंतरी होतं.

मी सिनेमातला माणूस नाही. एका सहकारी बँकेत तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरच्या जाळीमागं. संध्याकाळी रोकड जुळली की माझा दिवस चांगला. १९८६ मध्ये सरांनी मला संस्थेत ओढलं ते एवढ्याचसाठी, की त्यांच्याकडे सिनेमाबद्दल बोलणारी माणसं पुष्कळ होती आणि पावती फाडणारा एकही नव्हता. सर म्हणजे आमचे अध्यक्ष. कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. एका उन्हाळ्यात पुण्याला जाऊन फिल्म इन्स्टिट्यूट आणि अर्काइव्हचा चित्रपट रसास्वाद वर्ग करून आले, आणि ‘तिथनं आले ते बिघडूनच आले’ असं त्यांच्या घरी अजून म्हणतात. १९४७ साली कलकत्त्यात सत्यजित राय आणि त्यांच्या दोस्तांनी फिल्म सोसायटी काढली, १९५९ मध्ये देशभरच्या सोसायट्यांचं फेडरेशन झालं आणि राय त्याचे पहिले अध्यक्ष, १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ, ही सनावळी सर प्रत्येक वार्षिक सभेत म्हणतात. मला ती चहाची बिलं जुळवता जुळवता पाठ झाली.

तेव्हा सिनेमा पेटीतून यायचा. पुण्याहून रेल्वे पार्सलनं सोळा एमएमची रिळं, पत्र्याच्या गोल डब्यात. स्टेशनवर जाऊन पेटी सोडवून आणायची, खेळ झाला की दुसऱ्या दिवशी परत पार्सल. प्रोजेक्टर एकच. मोठं रीळ पाऊण तासाला संपायचं, मग दिवे लावून दुसरं चढवायचं. त्या पाच मिनिटांत चहा व्हायचा आणि अर्ध्या सिनेमावरच भांडणं सुरू व्हायची. परदेशी वकिलातींकडूनही सिनेमे यायचे, या गावाहून त्या गावाला फिरत फिरत. ते सेन्सॉरच्या कात्रीतून गेलेले नसतात ही बातमी गावात कशी पसरली कोण जाणे, पण एका वर्षी आमचे सभासद एकदम दुप्पट झाले. नवी पेठेतले एक दुकानदार तर पहिल्या रांगेत येऊन बसायचे. पूर्व युरोपातला एक सिनेमा होता, शेतकरी, चिखल, बर्फ. पाऊण तासाने ते उठले, जाता जाता मला म्हणाले, “काहीच नाही की बे ह्याच्यात.” वर्गणी परत मागितली नाही, एवढं मात्र त्यांच्याबद्दल म्हणेन.

पुढे व्हिडिओ आला, मग घरोघरी केबल, आणि रिळं बंद झाली. मधली काही वर्षं संस्था फक्त धर्मादाय आयुक्तांकडे हिशेबपत्रकं भरण्यापुरती जिवंत होती. ते काम माझं होतं, म्हणजे एका अर्थी मीच संस्था होतो. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

आता आमचे दोन उद्योग आहेत. वर्षातून एकदा चार दिवसांचा महोत्सव, आणि दर महिन्याला शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, एक खेळ.

महोत्सव डिसेंबरात. ही तारीख सरांच्या कलात्मक दृष्टीतून आलेली नाही. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, तेव्हा सगळं सोलापूर होम मैदानावर. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा. मार्चनंतर ऊन असं, की माणूस दुपारी थेटरात आला तर एसीसाठी आला की सिनेमासाठी ते कळत नाही. दिवाळीच्या आधी पैसे देणारे म्हणतात दिवाळीनंतर बघू. उरला डिसेंबर. सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेले परदेशी सिनेमे असले की दिल्लीच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते. प्रत्येक सिनेमाची यादी, गोष्टीचा सारांश, कुठं दाखवणार ते. असले खेळ तिकीट लावून चालत नाहीत, नोंदणी केलेल्या प्रतिनिधींनाच दाखवायचे. म्हणून गळ्यात अडकवायचं कार्ड. कार्डाचा फायदा असा, की लोकांना ते चार दिवस काढवत नाही. मी एकाला मंगळवार बाजारात कार्ड घालून वांगी घेताना बघितलंय.

उद्घाटनाचं काय सांगावं. शाल, श्रीफळ आणि सोलापुरी चादर, हे प्रत्येक पाहुण्याला. पाहुणे कमीत कमी पाच. पाचजणांचा परिचय, पाचजणांचं मनोगत, आणि आभार मानणारा असा माणूस की जो एकालाही सोडत नाही. एका वर्षी सिनेमा ब्याऐंशी मिनिटांचा होता आणि उद्घाटन दोन तास पाच मिनिटांचं. मी घड्याळ लावून बसलो होतो.

आणि त्याच मला एका वर्षी भाषण लांबल्याचा आनंद झाला. आता सिनेमा हार्ड डिस्कवर येतो, डीसीपी म्हणतात त्याला. डिस्क नुसती लावून चालत नाही, तिला कुलूप असतं. त्या थेटराच्या त्या सर्व्हरपुरती आणि ठरलेल्या वेळेपुरती किल्ली वेगळी ई-मेलनं येते. उद्घाटनाच्या सिनेमाची किल्ली आली होती, ऑपरेटरनं चढवलीही होती, पण कुलूप उघडेना. संध्याकाळी सहापासून चालेल असं लिहिलेलं, आणि सहा तर वाजून गेलेले. मग आमच्यातल्या एका पोराच्या लक्षात आलं की हे सहा ग्रिनिचचे आहेत. म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. बाहेर पाहुण्यांचं भाषण चाललेलं, आत आम्ही परदेशी ऑफिसला फोन लावतोय. मी स्टेजच्या कडेला जाऊन आभारवाल्याला खूण केली : लांबव. त्या माणसानं त्या दिवशी सतरंजीवाल्यापासून वीज मंडळापर्यंत सगळ्यांचे आभार मानले. नवी किल्ली आली साडेआठला. तोवर एक मराठी लघुपट दोनदा दाखवून झाला होता.

तरी महोत्सवाला पैसे मिळतात. बॅनर लागतो, फोटो येतो, पेपरात नाव छापून येतं. कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि कला-संस्कृती त्या यादीत बसते. त्यासाठी आम्ही सगळी नोंदणी करून ठेवलीय. एका कंपनीच्या साहेबांकडे मी आणि सर गेलो होतो, महिन्याच्या खेळासाठी पैसे मागायला. साहेबांनी चांगलं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि विचारलं, “तिकडं वस्तीत आमचा बॅनर बघणार कोण?” प्रश्न अगदी हिशेबी होता. तेव्हा मला त्यात काही चूकही वाटलं नाही.

खरं सांगायचं तर महिन्याचा खेळ बंद करावा हा ठराव माझाच होता. तीन वर्षांची खर्चपत्रकं जोडून मी तो मांडला होता. प्रोजेक्टरची ने-आण, टेम्पो, स्पीकर, समाजमंदिराची साफसफाई, सतरंज्या. जमेच्या बाजूला शून्य. एकदा एका आजीबाईंनी दहा रुपये हातात ठेवले, त्याची पावती फाडली, तेवढीच जमा.

पूर्व भाग म्हणजे काय हे सोलापूरकराला सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. इथे तेलंगणातून पिढ्यांमागे आलेले पद्मशाली विणकर राहतात. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, मागावर हिंदीसुद्धा. पुरुष यंत्रमागावर, टॉवेल आणि चादरी. बायका विड्या वळतात. विडीचा हिशेब हजारावर असतो. हजार विड्या झाल्या की मजुरी, त्यातून छाटलेल्या गेल्या की तेवढी कमी. म्हणजे दोन तास सिनेमा बघायचा तर दोन तासांच्या विड्या गेल्या. आमचा खेळ फुकट आहे असं आम्ही ऐटीत पत्रकावर छापायचो. त्यांना तो फुकट पडत नव्हता, हे मला हिशेबनीस असून पहिली दोन वर्षं कळलं नाही.

त्यांनी त्यावर तोड काढली होती. सूप घेऊन यायच्या. तेंदूची पानं घरीच कापून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली, कारण अंधारात कात्री चालवता येत नाही. सुपात तंबाखू, पानांची चळत, दोऱ्याचं रीळ. सूप मांडीवर. डोळे पडद्यावर, बोटं खाली. पान घ्यायचं, चिमटीनं तंबाखू पसरायची, वळायचं, टोक नखानं दुमडायचं, दोऱ्याचे दोन वेढे, तोडायचा. मी एकदा पडदा सोडून शेजारच्या बाईंचे हातच बघत बसलो. सिनेमात मारामारी चालू होती तरी वेग तोच. एक गाणं लागलं तेव्हा मात्र हात थांबले, गाणं संपेपर्यंत थांबले, आणि मग ती कसर भरून काढायला जोरात सुटले. समाजमंदिरात तंबाखूचा असा वास भरायचा की सरांना ठसका लागायचा. ते दाराजवळच्या खुर्चीत बसायचे, तोंडाला रुमाल लावून.

तिथं आम्ही हिंदी-मराठी सिनेमे लावायचो. आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ लावला तेव्हा बाहेर रस्त्यावर उभं राहून लोकांनी बघितला. डॉ. कोटणीस सोलापुरात जन्मले म्हणून शांतारामबापूंचा त्यांच्यावरचा १९४६ चा सिनेमा लावला, तोही बरा चालला, तरी तरुण पोरं चुळबुळत होती.

मग सरांनी हट्ट धरला. महोत्सवासाठी अब्बास किआरोस्तामींचा ‘व्हेअर इज द फ्रेंड्स होम’ मागवला होता, १९८७ चा इराणी सिनेमा. परवानगी घेताना वस्तीतला एक जादा खेळही त्यात मागून घेतला होता. सर म्हणाले, मुलांचा सिनेमा आहे, साधा आहे, भाषा आडवी येणार नाही. मी म्हटलं, सर, फारसी आहे आणि खाली इंग्रजी सबटायटल आहेत. सर म्हणाले, “प्रतिमा बोलते.” माझा ठराव पुढच्याच सभेत यायचा होता, म्हणून मीही म्हटलं, होऊ द्या. पाच मिनिटांत सगळे उठून गेले की काम सोपं.

गोष्ट एवढीच आहे : वर्गात एका पोरानं गृहपाठ वहीत न लिहिता कागदावर लिहून आणलाय. मास्तर तो फाडतो आणि म्हणतो, आता पुन्हा असं झालं तर शाळेतून काढीन. शेजारी बसणारा अहमद घरी येऊन बघतो तर मित्राची वही आपल्याच दप्तरात आलेली. ती परत द्यायला तो शेजारच्या गावी धावत सुटतो. घर माहीत नाही.

पहिली काही मिनिटं शांतता होती. मग पुढून एक आवाज : “एमंटुंडू?” काय म्हणतोय तो? आमच्याकडे प्रोजेक्टरशी एक स्वयंसेवक मुलगी असते. तिथलीच, आई विड्या वळते, ती बी.कॉम.ला. तिनं वाकून त्या बाईंना तेलुगूत सांगितलं. पलीकडून दुसरीनं विचारलं. तिला सांगितलं. मग तिसरी म्हणाली, सगळ्यांनाच सांग की, आम्ही काय पाप केलंय? ती उभी राहिली. कुणीतरी तिच्या हातात सुरुवातीच्या निवेदनाचा माईक दिला.

ती इंग्रजी वाचायची, तेलुगूत सांगायची. मागून पोरं ओरडली, “मराठीत पण!” मग तेलुगू आणि पाठोपाठ मराठी. साहजिकच ती मागे पडायला लागली. पडद्यावर मास्तर बोलून गप्प झाला तरी इकडं मास्तर मराठीत रागावतोय. सर खुर्चीतून उठले, मला म्हणाले, “हे थांबव.” मी निघालो होतो, खरंच निघालो होतो.

तेवढ्यात अहमद आईला सांगायला लागला की मला वही द्यायला जाऊ दे. फारसीत वहीला दफ्तर म्हणतात. तो पोरगा ते शंभरदा म्हणतो, दफ्तर, दफ्तर. भिंतीशी बसलेल्या एक मुसलमान चाची मोठ्यानं म्हणाल्या, “दफ्तर बोल रहा वो!” आणि एकदम सगळ्या खोलीला कळलं. दफ्तर म्हणतोय की! दप्तर! दुभाषीकडे कुणी बघेना. पोरं पडद्यावरच्या पोराबरोबर ओरडायला लागली. त्या गलक्यात मी मध्येच उभा, थांबवायला निघालेला. एका आजीनं माझ्या पँटचं टोक, धोतर असल्यासारखं, ओढलं, “खाली बसा हो, दिसेना.” मी खाली बसलो. सतरंजीवर, सुपांच्या मधे.

अहमदची आई त्याचं ऐकतच नाही. गृहपाठ कर म्हणते, तेवढ्यात बाळाकडं बघ म्हणते, मग पुन्हा गृहपाठ का करत नाहीस. पुढच्या रांगेतली एक बाई पडद्याला म्हणाली, “ऐक की गं बाई, काय म्हणायलंय लेकरू!” तिच्याशेजारचं तिचं लेकरू म्हणालं, “तू पण असंच करतीस.” त्याला एक धपाटा बसला. मग पडद्यावर आजोबा आले. खिशात सिगरेटी असताना नातवाला सिगरेट आणायला पिटाळतात, का, तर पोरांना ऐकायची सवय लागावी. विड्या वळणाऱ्या तीस-चाळीस बायकांसमोर हे दृश्य. “सिगरेट पाहिजे म्हणे म्हाताऱ्याला!” अशी एकीनं सुरुवात केली आणि त्या म्हाताऱ्याचं जे काही झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुभाषी हसून खाली बसली होती.

नंतर सिनेमात एक सुतार भेटतो. थकलेला माणूस, गावातली जुनी लाकडी दारं-खिडक्या त्यानं केलेली. आता लोक लोखंडी दारं बसवतात. तो अहमदला वाट दाखवतो, पण चालतो इतका हळू की पोरगं कासावीस होतं. इथं आमच्यातले एक आजोबा बोलायला लागले. दाराशी, खांबाला टेकून बसलेले. तेलुगूत, सावकाश, पडद्याकडे बघत. दुभाषी काम करून करून अशी लयीत आली होती, की तिनं सुताराला सोडून दिलं आणि आजोबांचं मराठी करायला सुरुवात केली, माईकवर. “आमच्या घरात खड्डामाग होता. वडील खड्ड्यात पाय सोडून बसायचे. मी कांड्या भरायचो. मग वीज आली. मग मालकाकडं यंत्रमागावर जायला लागलो. घरातला माग दोन वर्षं तसाच होता. नंतर मोडला. लाकूड चांगलं होतं, सागाचं होतं. बंबात घातलं. पंधरा दिवस पाणी तापलं त्याच्यावर.”

एवढं बोलून आजोबा गप्प झाले. पडद्यावर सुतार अजून चालतच होता. किआरोस्तामींनी ते दृश्य उगाच एवढं लांबवलंय असं मला नेहमी वाटायचं.

मी सरांकडे बघितलं. तोंडावरचा रुमाल खाली आला होता.

आणि मग बाहेरून हाक आली, “पाणी आलं!” आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्याला सिनेमा काय आणि लग्न काय. सुपं भराभर बाजूला सरकली, विड्यांवर फडकं टाकलं, आणि निम्मी खोली रिकामी. ऑपरेटरनं सिनेमा थांबवला. अहमदचा चेहरा तसाच पडद्यावर राहिला, मोठाच्या मोठा, डोळ्यांवरून शिवण. चाळीस मिनिटं. एक लहान पोरगं उठून पडद्याजवळ गेलं आणि बोटानं ती शिवण चाचपून आलं. आजोबांनी मला जवळ बोलावलं. “हे कापड कुणी आणलं?” मी म्हटलं, मी. “मोठ्या पन्ह्याचं इथंच निघतंय की. विचारायचं तर खरं.”

बायका परत आल्या, पदर ओले, आणि जाताना होत्या त्यापेक्षा चार-पाच जास्त. आल्या आल्या नव्यांना आधीची गोष्ट सांगण्यात दहा मिनिटं गेली. मग उरलेला सिनेमा. वहीचं शेवटचं दृश्य आलं तेव्हा दुभाषी गप्पच होती. मी बघितलं तर माईक मांडीवर ठेवून ती स्वतःच बघत बसलेली. कुणी एमंटुंडू विचारलं नाही. मीही त्याबद्दल तिचं मानधन कापलं नाही. तेव्हा मानधन असं काही ठरलेलंच नव्हतं म्हणा.

पुढच्या सभेत माझा ठराव होता. सरांनी सुरुवात केली ती माझ्या बाजूनं. म्हणाले, हा सिनेमा बघणं नव्हे. दिग्दर्शकानं जी शांतता ठेवलीय ती त्याची आहे, आपल्याला तिच्यावर बडबड करायचा हक्क नाही. त्या पोराचा आवाज कुणाला ऐकूच आला नाही. हे खरं आहे आणि मला आजही पटतं. महोत्सवात आम्ही मोबाइलचा उजेड पडला तरी माणसाला बाहेर काढतो, आणि ते बरोबरच करतो. पण मी ठराव मागे घेतला. हिशेब तर बदलला नव्हता, जमेला शून्यच होतं. एका सभासदानं कारण विचारलं. मी म्हटलं, माझी बेरीज चुकली होती. कुठं चुकली ते लिहून द्या म्हणाले. दिलं नाही.

सरांचा आक्षेप इतिवृत्तात नोंदवलेला आहे. त्याच आठवड्यात त्यांनी त्या मुलीला फोन केला. तू गृहपाठाला ‘होमवर्क’ म्हणालीस, फारसीत शब्द मश्क आहे, उर्दूवाल्यांना तो कळला असता, चाची बसल्या होत्या ना भिंतीशी? आता प्रत्येक खेळाच्या आधी सर तिला तासभर फोनवर असतात. तिची आई म्हणते, पोरीला एवढे फोन होणाऱ्या नवऱ्याचे पण येणार नाहीत. मुलगी आता सगळा वेळ बोलत नाही. कुठं थांबायचं त्याच्या खुणा ती वहीत करून आणते. त्यावर तिचं आणि सरांचं भांडण होतं. सर म्हणतात अजून थांब, ती म्हणते लोक विचारतात.

मानधन तीनशे रुपये. ते मी ठरवलं, आणि ते कमी आहे हे मला माहीत आहे. ऑडिटच्या वेळी सीएनं व्हाउचर उचलून विचारलं, “सिनेमाला दुभाषी? हा खर्च कुठल्या खात्यात टाकू?” मी म्हटलं, ध्वनियंत्रणा. त्याला ते चाललं.

कापडाचंही बघितलं. आजोबांच्या ओळखीच्या एका कारखान्यात गेलो होतो. मोठ्या पन्ह्याच्या मागावर साधं पांढरं कापड काढून देतो म्हणाले, पण तेवढ्यासाठी माग बांधायचा तर निदान इतके मीटर घ्यावे लागतील. तेवढ्या कापडात सोलापूरची सगळी थेटरं झाकून निघतील. बोलणी चालू आहेत. तोवर शिवण आहे.

पुढचा खेळ शनिवारी ठरवला होता, पत्रकंही छापून झाली होती. काल दुभाषीचा फोन आला : “काका, शनिवारी पाणी आहे.” पत्रकांवर हातानं खाडाखोड करायला बसलोय. रविवारी, संध्याकाळी साडेसहा.